पावसातही न चुकणारा नेम

चालण्याचे फायदे आता कोणाला नव्याने सांगावे लागत नाहीत. प्रौढ माणसाने आठवड्यात किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल करावी, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. पाच दिवस अर्धा-अर्धा तास झपझप चालले की ती पुरी होते. तरीही २०२२ मध्ये भारतातले जवळजवळ निम्मे प्रौढ एवढीही हालचाल करत नव्हते, असे ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’ने २०२४ साली छापलेल्या अभ्यासात दिसले, स्त्रियांमध्ये तर हे प्रमाण सुमारे ५७ टक्के होते. म्हणजे अडते ते ज्ञानापाशी नाही, नेमापाशी. कुत्रा पाळणाऱ्यांच्या तब्येतीवर जे संशोधन झाले आहे, ते मला महत्त्वाचे वाटते ते याच कारणासाठी.

इंग्लंडमधल्या नॉरफोक परगण्यात ४९ ते ९१ वर्षांच्या ३,१२३ जणांच्या अंगावर सात दिवस हालचाल मोजणारे उपकरण बसवले गेले आणि त्या नोंदींचा हवामानाशी ताळा घातला गेला. २०१७ साली आलेले निष्कर्ष बोलके आहेत. गारठा, पाऊस आणि लवकर पडणारा अंधार यांमुळे सगळ्यांचेच हिंडणे कमी झाले. पण कुत्र्याला नेमाने फिरवणारी मंडळी अगदी वाईट हवेच्या दिवशीही, कुत्रा नसलेल्यांच्या उत्तम हवेच्या दिवसापेक्षा जास्त हलली. या लोकांची इच्छाशक्ती इतरांहून दांडगी होती, असे मानायचे कारण नाही. स्वतःच्या तब्येतीसाठी केलेला संकल्प आपण सहज मोडतो, कारण तो मोडल्याने त्या दिवशी कोणाचेच काही अडत नाही. दाराशी ताटकळणाऱ्या मुक्या जिवाचे मात्र अडते. त्याला बाहेर न्यावेच लागते, आणि आपल्यासाठी जे जमत नाही ते त्याच्यासाठी जमते.

यावर एक रास्त आक्षेप आहे: मुळात धडधाकट, हिंडती-फिरती माणसेच कुत्रा पाळत असतील, तर श्रेय कुत्र्याला कसे द्यायचे? स्वीडनमध्ये ४० ते ८० वयाच्या ३४ लाखांहून अधिक लोकांच्या सरकारी नोंदी १२ वर्षे तपासल्या गेल्या. एकट्याने राहणाऱ्यांपैकी ज्यांच्याकडे कुत्रा होता, त्यांच्यात मृत्यूचा धोका ३३ टक्क्यांनी कमी दिसला. हा आकडा मोठा असला, तरी नोंदींवरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही. अमेरिकन हार्ट असोसिएशननेही २०१३ मध्ये बजावले होते, की केवळ हृदयविकार टाळायचा म्हणून प्राणी पाळू नये. हे मला पूर्ण मान्य आहे. कुत्रा म्हणजे औषधाची गोळी नव्हे. पण आक्षेपाने सगळेच पुसले जात नाही. इंग्लंडच्याच वेस्ट चेशायरमधल्या २०१९ च्या पाहणीत कुत्रेवाल्यांचे हे फिरणे इतर व्यायामाच्या बदल्यात नव्हे, तर त्यावर भर म्हणून झालेले आढळले. शिवाय धडधाकट माणसालाही पाऊस घरी बसवतोच, आणि नॉरफोकमधला फरक नेमका तिथे ठळक होता.

दुसरी शंका वेगाची. कुत्रा खांबाखांबापाशी थांबून हुंगतो, मग व्यायाम कसला? काही फेऱ्या संथच होणार, आणि होऊ द्याव्यात. हुंगणे ही त्याची गरज आहे. बैठक मोडणे हाही लाभच, आणि उरलेल्या वाटेवर पाय उचलता येतो. या थांब्यांत ओळखीही होतात. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश प्रयोगात कुत्रा सोबत असताना अनोळखी लोक कितीतरी अधिक वेळा बोलायला थांबले, मग सोबतच्या माणसाचे कपडे नीटनेटके असोत की गबाळे.

धोका आहे तो पडण्याचा, आणि तो हलका मानू नये. अमेरिकेत पट्ट्याने बांधलेल्या कुत्र्याला फिरवताना हाड मोडलेल्या ६५ वर्षांवरील रुग्णांची वार्षिक संख्या २००४ मध्ये अंदाजे १,६७१ होती, ती २०१७ मध्ये ४,३९६ झाली. थोराड, ओढाळ कुत्रा आणि ठिसूळ हाडांचे आजी-आजोबा ही जोडी जमत नाही. कुत्रा आकाराने बेताचा हवा, त्याला न ओढता चालायला शिकवलेले हवे, आणि दोरी मनगटाला गुंडाळू नये.

आपल्या शहरांत आणखी एक गोष्ट दिसते: कुत्रा घरचा, पण फिरवायला पगारी माणूस. अडचणीच्या दिवशी ते ठीकच. रोजचेच झाले तर चालणे त्या माणसाचे होते, मालकाचे नाही. निदान सकाळची फेरी स्वतःकडे ठेवावी. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात तर ती ऊन चढण्याआधीच आटोपावी. निघण्यापूर्वी हाताची पालथी बाजू डांबरावर काही सेकंद टेकवून पाहावी. चटका बसला तर कुत्र्याचे तळवेही भाजणार.