कालचे साचेखाते, आजचे कंत्राट

गिरणी कामगारांच्या लढ्याचे पोवाडे गाणारे बहुतेक पुढारी एक पान हळूच उलटून टाकतात. मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्यात, म्हणजे साचेखात्यात, मजुरी चांगली होती. तिथे अस्पृश्य कामगाराला प्रवेश नव्हता. कारण काय? धोट्यात नवी कांडी भरली की सुताचे टोक तोंडाने ओढावे लागे. महाराचे तोंड लागलेला धोटा सवर्ण कामगार तोंडाला कसा लावणार! मग आमच्या माणसाच्या वाट्याला कमी मजुरीचे सूतकताई खाते. ही बंदी मुख्यतः सोबतच्या कामगारांनीच लादली होती. (मालकाला ती सोयीची होती, हे वेगळे सांगायला नको.) १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न रोखठोक मांडला. तरीही ७ नोव्हेंबर १९३८ रोजी संपाच्या हक्कावर घाला घालणाऱ्या विधेयकाविरुद्ध त्यांचा स्वतंत्र मजूर पक्ष कम्युनिस्टांच्या खांद्याला खांदा लावून उभा राहिला.

आज धोटा गेला, गिरण्याही गेल्या. पण एकाच यंत्रावर कायम आणि कंत्राटी असे दोन कामगार उभे असतात, काम तेच आणि पगार वेगळा. खासगी कारखान्यात आरक्षण नाही, तिथे ओळखपाळख चालते. त्यात २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या श्रमसंहितांनी केंद्रीय कंत्राटी कायद्याची २० कामगारांची मर्यादा ५० वर नेली. एकोणपन्नास माणसे पुरवणारा ठेकेदार सुटला!

कायम कामगारांच्या युनियनांनी पुढच्या वेतन करारात कंत्राटी कामगाराचा पगार घालावा. ते जमत नसेल, तर मोर्चासाठी माणसे मागायला आमच्या वस्त्यांत येऊ नये.