चित्राची स्पष्टता आणि विजेचा हिशेब

चित्र जितके स्पष्ट तितका डेटा जास्त, आणि डेटा जितका जास्त तितकी वीज जास्त, असा समज दूरचित्रवाणी आणि इंटरनेटवरील व्हिडिओंबाबत सर्वत्र आढळतो. या साखळीचे दोन्ही दुवे कच्चे आहेत.

१९२० गुणिले १०८० बिंदूंचे रंगीत चित्र सेकंदाला २५ वेळा जसेच्या तसे पाठवायचे ठरवले, तर दर सेकंदाला सुमारे १२४ कोटी बिट पाठवावे लागतील. प्रत्यक्षात काही दशलक्ष बिटांत काम भागते, कारण कोडेक, म्हणजे चित्राचे संक्षेपण करणारी गणिती पद्धत, लागोपाठच्या चौकटींमधील साम्य ओळखून मुख्यतः बदल तेवढा नोंदवते. २००३च्या एच.२६४ या मानकाला लागणाऱ्या डेटाच्या सुमारे निम्म्यात २०१३चे एचईव्हीसी तितकेच चांगले चित्र देते. शिवाय सपाट रंगांच्या कार्टूनला धावपळीच्या दृश्यांपेक्षा कमी बिट पुरतात, हे ओळखून नेटफ्लिक्सने २०१५मध्ये प्रत्येक कलाकृतीसाठी बिटदर स्वतंत्रपणे ठरवण्याची पद्धत जाहीर केली. उलटपक्षी, बिटदर अपुरा असेल तर ‘फोर-के’ चित्रातही चौकोनी ठोकळे उमटतात; म्हणून बिंदूंची संख्या म्हणजे दर्जा नव्हे.

दुसरा दुवा अधिक फसवा आहे. मार्च २०२०मध्ये टाळेबंदीच्या काळात भारतातील व्हिडिओ कंपन्यांनी मोबाइलवरील चित्र ४८० ओळींपर्यंत मर्यादित केले, ते जाळ्यावरील गर्दी कमी करण्यासाठी. विजेची बचत हा त्यामागचा हेतू नव्हता. राउटर आणि जाळ्यातील इतर बरीचशी उपकरणे चालू असली की, त्यांतून डेटा थोडा जावो वा पुष्कळ, जवळपास सारखीच वीज घेतात. अर्धा तास व्हिडिओ पाहिल्यास १.६ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, हा २०१९मध्ये जगभर गाजलेला आकडा बिट आणि बाइट यांच्या गल्लतीतून आठपट फुगला होता आणि तो देणाऱ्या फ्रेंच संस्थेने पुढे तो दुरुस्तही केला, तरी मूळ आकडा अजून फिरतोच आहे. कार्बन ट्रस्टच्या २०२१च्या अहवालानुसार युरोपात तासाभराच्या व्हिडिओमागे सरासरी सुमारे ५५ ग्रॅम उत्सर्जन होते आणि त्यातील निम्म्याहून अधिक वाटा प्रेक्षकाच्या घरातील उपकरणांचा असतो. पडदा जितका मोठा आणि उजळ, तितकी वीज अधिक; मोबाइलचा खर्च त्यापुढे नगण्य ठरतो.

नवा कोडेक आला की वीज आपोआप वाचते, हेही खरे नाही. संक्षेपण जितके सखोल तितकी आकडेमोड जास्त, आणि ते उलगडणारी खास चिप उपकरणात नसेल तर तो भार मुख्य प्रोसेसरवर पडून बॅटरी लवकर उतरते. लाखो लोक पाहणार असलेल्या चित्रपटासाठी सखोल संक्षेपण करण्याचा खर्च वसूल होतो, क्वचित पाहिल्या जाणाऱ्या चित्रफितीसाठी होत नाही.

मनोऱ्यावरून होणारे प्रसारण कालबाह्य आणि उधळे आहे, असेही म्हटले जाते. परंतु प्रेक्षक एक असो वा दहा लाख, प्रक्षेपकाला वीज तेवढीच लागते. बीबीसीच्या अभ्यासात ब्रिटनमधील वितरणमार्गांपैकी याच मार्गाचा प्रेक्षकामागे दर तासाचा वीजखर्च सर्वांत कमी आढळला, तर इतर मार्गांत सेट टॉप बॉक्सचा वाटा मोठा होता. रिमोटने बंद केलेला सेट टॉप बॉक्सही वीज घेतच राहतो. त्यामुळे चित्राचा दर्जा कमी करण्याआधी पडद्याची उजळता खोलीच्या प्रकाशाला साजेशी ठेवावी आणि रात्री त्या बॉक्सचे भिंतीवरील बटण बंद करावे.