लाजण्यात गेलेले तीन महिने

शॉवरखाली साबण लावताना हाताला काहीतरी लागलं. उजव्या वृषणावर, वाटाण्याएवढं, टणक. दुखत नव्हतं, म्हणून म्हटलं, सोड! अप्रेझल तोंडावर होतं. आणि मुख्य म्हणजे, सांगणार कुणाला? आईला? तीन महिने गप्प बसलो. छाती हुळहुळी झाली होती, थोडी सुजलीही होती. त्याचं खापर जिमवर फोडलं.

शेवटी एका रात्री रूम पार्टनरला सांगितलं. तो हसेल असं वाटलं होतं. तो म्हणाला, ‘अरे, दाढ दुखली असती तर तीन महिने थांबला असतास का?’ दुसऱ्या दिवशी त्यानेच यूरॉलॉजिस्टची अपॉइंटमेंट घेतली.

‘दुखत नाही म्हणून बिनधास्त राहिलात ना? इथे न दुखणारी टणक गाठच आधी मनावर घ्यायची,’ डॉक्टर म्हणाले. वृषणाचा कॅन्सर तसा दुर्मिळ, पण होतो तो बहुधा आपल्याच वयात. सोनोग्राफीत गाठ वृषणाच्या आतच निघाली. एएफपी, बीटा एचसीजी, एलडीएच या रक्ततपासण्या मात्र नॉर्मल.

‘सुई टोचून बघा ना,’ मी म्हटलं. तसं करत नाहीत! वृषणातली लसिका पोटात, मूत्रपिंडांजवळच्या ग्रंथींकडे जाते. वरच्या कातडीची जांघेतल्या ग्रंथींकडे. कातडीतून सुई घातली, तर कॅन्सरला नवी वाट मिळू शकते. म्हणून काप जांघेत घेतात, वृषण तिथून वर काढतात आणि रक्तपुरवठ्याच्या दोरीला आधी चिमटा लावतात. कॅन्सरची शंका पक्की असेल, तर अख्खं वृषण काढतात.

माझी गाठ लहान होती, म्हणून आधी तेवढीच काढून मी टेबलावर असतानाच तपासायला पाठवायचं ठरलं. त्याआधी वीर्य गोठवून ठेवलं. त्या खोलीतून बाहेर येताना मान वर होत नव्हती. पण काउंटरवरच्या ताईंनी डबी शांतपणे घेतली, जणू पार्सलच!

शुद्धीवर आल्यावर पहिला प्रश्न विचारला, ‘आहे का?’ ‘आहे,’ डॉक्टर हसले.

आठवड्याने पक्का रिपोर्ट आला: लायडिग पेशींची गाठ. फ्रान्झ लायडिग या जर्मन शास्त्रज्ञाने 1850 मध्ये या पेशींचं वर्णन केलं. टेस्टोस्टेरॉन त्याच बनवतात. त्यांच्या गाठी हार्मोन्स बिघडवू शकतात. बिचाऱ्या जिमचा काहीच दोष नव्हता! वृषणाच्या शंभर गाठींत अशा एक ते तीन. बहुतेक साध्या असतात, पण सुमारे दहा टक्के पसरतात आणि पसरल्या की केमोला फारशा दाद देत नाहीत. म्हणून चेकअप चालूच आहेत.

‘आणि लग्नाचं?’ बाबांनी घाबरत विचारलं. डॉक्टर म्हणाले, ‘एक काढावं लागलं असतं, तरी दुसरं चांगलं असलं की बहुतेकांचं भागतं.’

तेव्हा मित्रांनो, महिन्यातून एकदा, गरम पाण्याच्या आंघोळीनंतर दोन मिनिटं द्या. काही टणक लागलं, तर त्याच आठवड्यात डॉक्टरकडे. लाजायला पुढे अख्खं आयुष्य पडलंय!