तोरणमाळला तंबू कुठे ठोकाल?

महिनाअखेरची टार्गेट्स संपली आणि डिसेंबरातल्या एका शुक्रवारी आम्ही चौघं जळगावहून सुटलो. धुळे, शहादा, पुढे साधारण ५५ किलोमीटरवर तोरणमाळ! १९९८मध्ये नंदुरबार जिल्हा वेगळा झाला, तरी आम्हा खान्देशवाल्यांना ते 'आपल्या धुळ्याचंच' वाटतं.

सातपुड्याच्या माथ्यावर, १,१०० मीटरच्या वर, यशवंत तलाव आणि भोवती जंगल. तंबू कुठे? अर्थात पाण्याला लागून! फोटो झकास आले. पहाटे मात्र दवाने तंबू, स्लीपिंग बॅग सगळं चिंब. सहाला डोळे उघडले तर दारात शिंगं! गुरं पाण्यावर निघाली होती. मागून आलेले आजोबा चिडले नाहीत. ''ढोरांच्या वाटेवर झोपले ना भाऊ तुम्ही,'' एवढंच म्हणाले. आपला 'स्पॉट' हा कुणाचा तरी रोजचा पाणवठा असतो, हे तेव्हा डोक्यात शिरलं.

आता जागा निवडतो ती पाण्यापासून शंभरेक पावलं दूर, जरा उंच आणि सपाट. खोलगट जागी थंड हवा साचते, ती टाळायची. डोक्यावर वाळकी फांदी नको, पायाखाली खुरांचे ठसे नकोत. आणि उजेड असतानाच गावात विचारायचं, ''इथे झोपलं तर चालेल ना?''

यावल किंवा अनेर धरण अभयारण्याचा बेत असेल, तर वन खात्याच्या परवानगीशिवाय तंबू उघडूच नका.

दुसरी रात्र आम्ही चढावर काढली. तलाव थोडा लांब गेला, पण झोप मस्त लागली!