थांबलेला वायपर

ज्या घरांतील मुलें कॅनडांत वा अमेरिकेंत स्थायिक झालीं आहेत, त्या घरांतील वडील मंडळींस तेथील हिवाळ्याचा प्रसाद एकदां तरी मिळतोच. सन २०२४ च्या जानेवारींत मी टोरांटोस चिरंजीवांकडे होतों. तेथें एका सकाळीं जी फजिती झाली, तींतून शिकलेल्या चार गोष्टी वाचकांच्या मुलाबाळांस उपयोगी पडतील, म्हणून हा लेखनप्रपंच.

रात्रभर उघड्यावर उभी असलेली मोटार बर्फानें झांकून गेली होती. नातीच्या शाळेची वेळ होत आली होती. चिरंजीवांनीं वरवरचा बर्फ झाडून किल्ली फिरविली, तों आदल्या रात्रीं कळ चालूच राहिलेल्या वायपरांनीं एक आचका दिला आणि ते जागच्या जागीं थांबले. साहाय्य करावें या बुद्धीनें मीं स्वयंपाकघरांतून कढत पाण्याचा तांब्या आणला. काचेवर ओतणार, इतक्यांत सूनबाई धांवत आल्या व म्हणाल्या, "बाबा, थांबा! काच तडकेल." पाणी पडेल तेवढाच भाग एकदम प्रसरण पावतो, शेजारचा थंडच राहतो, आणि त्या ओढाताणींत काच फुटते, हें वर्गांत मुलांकडून कितीदां तरी वदवून घेतलें होतें, घाईंत मात्र स्वतःच विसरलों!

"अंतर थोडें आहे, तसेंच जाऊं," चिरंजीव म्हणाले. पण तेथें बर्फ वितळावा म्हणून रस्त्यांवर मीठ पसरतात. पुढच्या गाडीच्या चाकांनीं उडविलेला तो खारट चिखल काचेवर बसला, कीं क्षणांत पुढचें कांहीं दिसेनासें होतें. वायपर ही चैनीची वस्तु नव्हे. तिचा जन्मच मुळीं हिवाळ्यांतला. न्यूयॉर्कमध्यें ट्राम हांकणाऱ्यास बर्फाळ हवेंत पुढचें दिसत नाहीं, हें पाहून मेरी अँडरसन या बाईंनीं आंतून हातानें फिरविण्याचा वायपर योजिला व १९०३ सालीं त्याचें पेटंट मिळविलें.

मीं म्हटलें, "उशीर झाला तरी चालेल. आधीं निदान, मग चिकित्सा."

निदानाचा क्रम असा. प्रथम वायपरची कळ बंद करावी. मग मोटार सुरू करून काचेवर ऊब सोडावी व दहा-पंधरा मिनिटें धीर धरावा. हें काम बंद गॅरेजांत कदापि करूं नये, व धुराच्या नळीभोंवतींचा बर्फ आधीं काढावा. कारण त्या धुरांतील कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायु वासानें कळत नाहीं. काचेच्या पायथ्याशीं, जेथें वायपरचे दांडे बसविलेले असतात, तेथील खांचेंतला बर्फही काढावा. रबर काचेस चिकटलें असल्यास ओढूं नये; तें फाटतें.

एवढें करूनही दांडे हलत नसतील, तर कळ लावून ऐकावें. धुरावरून अग्नीचें, तसें येथें आवाजावरून दोषाचें अनुमान होतें. आंतील विजेच्या यंत्राची गुणगुण ऐकूं येते, पण दांडे स्वस्थ, तर यंत्रास व दांड्यांस जोडणारी कांब निखळली असावी. एकच दांडा हलत असेल, तर दुसऱ्याच्या बुडाचा नट बहुधा सैल असतो. तो पान्यानें आवळावा. मुळींच आवाज नाहीं, तर फ्यूज पाहावा. गोठलेल्या दांड्यांशीं झुंजतांना यंत्र अधिक वीज ओढतें, तेव्हां पुढील अनर्थ टळावा म्हणून फ्यूज स्वतः वितळतो. नवा फ्यूज तितक्याच अँपिअरचा हवा. जास्तीचा घातल्यास तारा तापून आगीचें भय. नवाही लागलीच गेला, तर हट्ट न करितां कारागिराकडे जावें.

आमचा फ्यूजच गेला होता. पेटींतला जादा फ्यूज बसवितांच वायपर चालूं लागले.

त्या दिवसापासून घरांत नियम झाला: रात्रीं आधीं वायपर बंद करून ते जागेवर बसूं द्यावे, मग मोटार बंद करावी, बर्फाची चिन्हें असल्यास दांडे काचेपासून उचलून ठेवावे. काच धुण्यास साधें पाणी न वापरतां हिवाळी द्रव वापरावा. त्यांत बहुधा मिथेनॉल असतें. म्हणून तो गोठत नाहीं, पण पोटांत गेल्यास घातक, यास्तव मुलांच्या हातीं लागूं देऊं नये.

उशिरा येणाऱ्या मुलांस मीं जन्मभर वर्गाच्या दाराशीं उभें केलें. त्या सकाळीं मात्र, नातीच्या उशिराबद्दल शाळेस चिठ्ठी लिहावयास सुनेला मींच सांगितलें.