जादूटोणाविरोधी कायदा आपल्या देवावर येतो का?



मागच्या महिन्यात आमच्या गटातल्या एका ताईनं 15 हजारांचं कर्ज मागितलं. कारण म्हशीचं सांगितलं. बैठक उठल्यावर मात्र तिला रडू आलं. सुनेला तीन वर्षं झाली, दिवस जात नाहीत. शेजारच्या गावात नव्यानं दरबार भरवणाऱ्या एका महाराजानं सांगितलं, घरावर करणी आहे, आणि ती चुलत जावेनं केली. तोड काढायचे 15 हजार. कुठं बोललात तर उलटेल, हेही वर.

ती चुलत जाऊ आमच्याच गटाची सचिव आहे.

म्हणून पुढच्या बैठकीत आम्ही जादूटोणाविरोधी कायद्यावर बोललो. पहिला प्रश्न आला, "म्हणजे मार्गशीर्षातले गुरुवार बंद करायचे का?" हीच शंका पूर्वी वारकरी मंडळींनीही काढली होती. कायदा बरीच वर्षं रखडला. 20 ऑगस्ट 2013 ला पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला, त्यानंतर चारच दिवसांत वटहुकूम निघाला, आणि डिसेंबरात आपल्या नागपुरातच, हिवाळी अधिवेशनात, कायदा मंजूर झाला. भजन, कीर्तन, वारी, प्रदक्षिणा, घरची पूजा, दर्ग्यातली किंवा चर्चमधली प्रार्थना यांना हात लावायचा नाही, हे त्यातच लिहिलेलं आहे. नंदीबैलवाल्याचं भविष्यसुद्धा सुटलं आहे. कोराडीला जा, ताजबागला जा, कोणी अडवणार नाही.

कोणत्याही पंथावर या कायद्यानं बंदी घातलेली नाही. कोण खरा, कोण भोंदू, हे तो ठरवत नाही. माणसानं काय केलं तेवढंच पाहतो. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारणं, चमत्कार दाखवून पैसे उकळणं, गुप्तधनासाठी अघोरी प्रकार करणं, अंगात दैवी शक्ती आहे असं सांगून बाईचा गैरफायदा घेणं, हे गुन्हे. साप चावलेल्याला दवाखान्यात जाऊ न देता मंत्र-दोरा करत बसवणं हाही गुन्हा. शिक्षा 6 महिन्यांपासून 7 वर्षांपर्यंत, दंड 5 हजार ते 50 हजार, आणि गुन्हा अजामीनपात्र.

जानेवारी 2023 मध्ये नागपुरात बागेश्वर धामच्या महाराजांच्या दरबारावरून किती वाद झाला, आठवत असेल. श्याम मानव यांनी तक्रार केली. पोलिसांनी चित्रफिती तपासल्या आणि या कायद्याखाली गुन्हा दिसत नाही असं सांगितलं. कोणाला ते पटलं, कोणाला नाही. पण नुसत्या आरोपावर कारवाई होत नाही, एवढं त्यातून कळतं.

सरकारचा सामाजिक न्याय विभाग या कायद्याचा प्रचार करतो. आमच्या पाहण्यातल्या फलकांवर कवटी आणि लिंबू असतं. आमच्या ताईला भेटलेला माणूस स्वच्छ पांढऱ्या कपड्यांत होता आणि पैसे मोबाइलवर घेत होता. फलकावरचं चित्र पाहून तिला तो कसा ओळखू येणार?

आम्हाला जास्त भीती पैशाची नाही, नाव घेण्याची वाटते. चंद्रपूर जिल्ह्यात, जिवती तालुक्यातल्या वणी खुर्दला ऑगस्ट 2021 मध्ये जादूटोण्याच्या संशयावरून दलित कुटुंबांतल्या माणसांना भर चौकात बांधून मारलं. त्यात म्हाताऱ्या बायाही होत्या. अमक्या बाईनं करणी केली असं सांगत फिरणं हाही या कायद्यात गुन्हा आहे, कारण पुढची काठी त्या शब्दातूनच उठते.

तक्रार पोलीस ठाण्यात द्यायची. या कायद्यासाठी निरीक्षक दर्जाचा दक्षता अधिकारी नेमलेला असतो, त्याचं नाव विचारा.

आमच्या गटानं तोडीसाठी कर्ज दिलं नाही. तपासणीसाठी 2 हजार दिले. सुनेबरोबर मुलालाही तपासायला जावं लागेल, यावर घरात दोन दिवस भांडण झालं, पण शेवटी दोघंही नागपूरला मेडिकलमध्ये जाऊन आले. तक्रार ताईनं अजून दिलेली नाही, उलटेल ही भीती जात नाही म्हणते. ज्या दिवशी तयार होईल त्या दिवशी आम्ही पाच जणी सोबत जाणार आहोत, सचिवताईसुद्धा.