हजेरीचा दिवस

आपल्या पुण्या-मुंबईच्या घरांना अमेरिका आता परकी राहिलेली नाही. कुणाचा मुलगा तिकडे, कुणाची भाची. ‘व्हिसा’ आणि ‘ग्रीन कार्ड’ हे शब्द आजीबाईंच्याही तोंडी रुळले आहेत. पण ५ फेब्रुवारी २०२५ रोजी अमेरिकेचे लष्करी विमान १०४ भारतीयांना घेऊन अमृतसरला उतरले, तेव्हा आपण जरा चमकलो. त्यांत तिघे महाराष्ट्रातले होते. माणसाला परत पाठवणारे हे खाते चालते तरी कसे? चला, त्याच्या एका कचेरीत डोकावू.

न्यूयॉर्क शहराच्या दक्षिण भागात, ब्रॉडवेला लागून, ‘२६ फेडरल प्लाझा’ ही एक्केचाळीस मजली सरकारी इमारत आहे. दर्शनी भाग बुद्धिबळाच्या पटासारखा. नाव दिले आहे जेकब जाविट्स या सेनेटरचे, आणि ते स्वतः परदेशातून आलेल्या आईबापांचे चिरंजीव! २००३ पर्यंत परदेशी माणसाचे सारे काम एकाच खात्याकडे असे. त्या वर्षी १ मार्चला ते मोडून तीन खाती झाली. एक अर्ज मंजूर करणारे, दुसरे सीमा राखणारे आणि तिसरे देशात आलेल्यांना शोधून बाहेर काढणारे. या तिसऱ्याच्या आद्याक्षरांचा उच्चार होतो ‘आइस’, म्हणजे बर्फ. हद्दपारीच्या कामासाठी त्याने देशाचे २५ विभाग पाडले. न्यूयॉर्क विभागाची कचेरी याच इमारतीत.

ग्रीन कार्डाच्या मुलाखतीला सूटबूट घालून आलेला उमेदवार आणि हद्दपारीच्या हजेरीला आलेला मनुष्य, दोघेही इथे येतात. विमानतळावर होते तशी दोघांचीही झडती होते. वाटा फुटतात त्या पुढे लिफ्टमध्ये. हजेरीची खोली नवव्या मजल्यावर.

हजेरीला येतात कोण? काहींचे खटले अजून चालू असतात. काहींच्या हद्दपारीचा हुकूम केव्हाच झालेला असतो. पण पाठवायचे कुठे? एखाद्याचा मायदेश त्याला कागदपत्रे देत नाही, तर एखाद्याला कोणताच देश आपला म्हणत नाही. अशा माणसाला अनंत काळ डांबून ठेवता येणार नाही, असा निर्णय अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली दिला आणि साधारण सहा महिन्यांची मर्यादा सांगितली. ‘सरकारी काम आणि सहा महिने थांब’ ही आपली म्हण तिकडे अशी खरी झाली! त्यानंतर त्याला देखरेखीखाली सोडतात. अट एकच मोठी: ठरल्या दिवशी हजेरी. कुणाच्या पायात ठावठिकाणा सांगणारे कडे असते, कुणाला मोबाइलवरून स्वतःचा फोटो पाठवावा लागतो. हुकुमाला एक तक्ता जोडलेला असतो. त्यावर तारीख पडते, अधिकारी आद्याक्षरे करतो, पुढची तारीख मिळते. अशी वर्षांमागून वर्षे जातात. दरम्यान मनुष्य नोकरी करतो, कर भरतो, मुलांना शाळेत घालतो.

बहुतेक वेळा काम पाच-दहा मिनिटांचे. पण त्या मिनिटांची खात्री कोण देणार? रवी रागबीर हे मूळचे त्रिनिदादचे गृहस्थ. फसवणुकीच्या जुन्या गुन्ह्याची शिक्षा भोगून झालेली. पुढे न्यूयॉर्कमध्ये स्थलांतरितांच्या संघटनेचे ते प्रमुख झाले. ११ जानेवारी २०१८ रोजी नेहमीप्रमाणे हजेरीला गेले आणि तिथेच अटकेत पडले. त्याच महिन्याच्या २९ तारखेला न्यायाधीश कॅथरीन फॉरेस्ट यांनी त्यांना सोडले. निकालाचा आशय असा, की इतकी वर्षे नेमाने येणाऱ्या माणसाला आपल्या माणसांचा निरोप घेण्याइतकी तरी सवड मिळाली पाहिजे.

२०२५ साली तर याच इमारतीत, बाराव्या-चौदाव्या मजल्यांवरच्या न्यायालयांबाहेरच्या बोळांतून, तारखेला आलेल्या लोकांना धरू लागले. दहाव्या मजल्यावरच्या खोल्या काही तासांपुरत्या. तिथे माणसे दिवसच्या दिवस राहिली. अखेर ऑगस्टमध्ये न्यायाधीश लुइस कॅप्लन यांना हुकूम द्यावा लागला: माणशी ५० चौरस फूट जागा द्या, निजायला गादी द्या, साबण द्या, वकिलाशी फोनवर बोलू द्या.

नातलगांनी ध्यानात ठेवावे असे काही. प्रत्येकाला एक ‘ए-नंबर’ असतो. तो आणि जन्माचा देश सांगितला, की मनुष्य कुठल्या कोठडीत आहे हे खात्याच्या इंटरनेटवरील यादीत शोधता येते. हद्दपारी दिवाणी बाब मानली जाते. म्हणून सरकार वकील देत नाही, तो आपला आपण करावा लागतो. आपल्या वकिलातीला कळवा, असे अटकेतल्या माणसाला सांगता येते. हद्दपारी थांबवण्याचा अर्ज विभागीय कचेरीतच द्यायचा. मात्र अर्ज दिल्याने हुकूम आपोआप थांबत नाही.

सरकारची बाजू उघड आहे. आपल्या देशात कुणी राहावे, हे ठरवण्याचा हक्क प्रत्येक देशाला आहे आणि हुकूम झाला म्हणजे तो बजावायचाच. पण नियम मोडणाऱ्याला हुडकावे लागते. पाळणारा मात्र स्वतःच्या पायांनी येतो. त्यालाच उंबरठ्यावर धरले, तर उद्या हजेरीला येईल कोण? न जावे तर फरारी ठरायचे, जावे तर परतीचा भरवसा नाही. इकडे आड, तिकडे विहीर!

तरीही लोक येतात. घराची किल्ली शेजारणीकडे, मुलांना शाळेतून आणायचे काम बहिणीकडे सोपवून येतात. सोबतीला आलेली बायको खाली रस्त्यावर उभी राहते आणि दाराकडे पाहत असते. तासाभराने तो बाहेर येतो. काही बोलत नाही. लांबूनच कागद उंच धरून दाखवतो.

पुढची तारीख मिळाली!